कंदील गल्ली

पट्टी मॅडमना कॉलेजात भूगोल शिकवायला लागून सव्वीस वर्षं झाली होती. पट्टी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नकाशावरचे डोंगर-नद्या दाखवायला त्या दोन फुटी लाकडी पट्टी घेऊन वर्गात येत. ती कधी कुणाच्या हातावर पडली नाही, पण विद्यार्थ्यांनी नाव ठेवायचं ते ठेवलंच. मॅडमना ते माहीत होतं. माहीत नसल्यासारखं दाखवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती.

मागच्या वर्षी विभागाच्या बैठकीत विभागप्रमुखांनी जाहीर केलं, की यापुढे भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवायचं आणि मुलांनी नकाशे कागदावर नाही, वेबवर करायचे. “कोण घेईल हा विषय?” असं त्यांनी विचारलं मात्र, सगळे जण आपापल्या डायरीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागले. एक नवा प्राध्यापक तेवढा शेजारच्याला म्हणाला, “पट्टीवाल्यांचं काम नाही हे.” हळूच म्हणाला, पण मॅडमचे कान तिखट होते.

“मी घेते,” मॅडम म्हणाल्या.

म्हणून तर गेल्या, पण घरी पोचेपर्यंत आपण काय कबूल केलंय ते लक्षात आलं. ई-मेलला फोटो जोडायचा तरी त्यांना भाचीला हाक मारावी लागे.

भाची म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करायची आणि तीन वर्षांपासून मावशीकडेच राहायची. मावशीला दुसरं कुणी नव्हतं. दोघींचं भांडण झालंच तर पंख्याच्या वेगावरून. वर्ग सुरू होण्याआधीच्या सुट्टीत भाचीने मावशीला जेवणाच्या टेबलापाशी बसवलं आणि पहिल्या अक्षरापासून कोड लिहायला शिकवलं.

“मावशी, स्वल्पविराम.”

“कुठे?”

“तू रोज विसरतेस तिथे.”

भाचीची एक सवय होती. कोड लिहून संपला, की शेवटी ती एक टिपणीची ओळ टाकायची. संगणक ती ओळ वाचत नाही, माणसासाठीच असते. ती लिहायची, ‘झालं एकदाचं’. मावशीला ते फार आवडलं. पहिला प्रोग्रॅम चालला त्या दिवशी मावशीनेही खाली लिहिलं, ‘झालं एकदाचं’, आणि उठून दोघींसाठी चहा टाकला.

वर्ग सुरू झाले. तेवीस विद्यार्थी आणि सतरा चालू संगणक. मॅडम परवा संध्याकाळी शिकलेलं आज दुपारी शिकवत होत्या. पहिल्याच प्रात्यक्षिकाला सगळ्यांनी अक्षांशाच्या जागी रेखांश आणि रेखांशाच्या जागी अक्षांश घातले, आणि अख्खं शहर जाऊन समुद्रात बसलं. मुलं पोट धरून हसली. मॅडमही हसल्या, कारण आठच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःचं घर तिथेच नेऊन बुडवलं होतं. पण ते त्यांनी सांगितलं नाही. आपल्याला येतं ते किती उथळ आहे हे एकदा कळलं की संपलं, ही धाकधूक त्यांना कायम असे. मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं की वाटे, आपल्याबद्दलच. कुणी पटकन दुसरी खिडकी उघडली की वाटे, उत्तर कुठूनतरी उतरवतोय. वर्गात इतका संशय त्यांनी यापूर्वी कधी घेतला नव्हता. कागदावरची रेघ कुणाच्या हातची हे त्यांना लांबून कळायचं. पडद्यावरची सगळी अक्षरं सारखीच.

सत्राच्या शेवटी मोठा प्रकल्प होता. शहराच्या जुन्या भागाचा नकाशा करायचा, गल्लीवर क्लिक केलं की तिची माहिती उघडली पाहिजे. मॅडमनी गल्ल्यांची फाइल स्वतः तयार केली. जुना सर्वेक्षणाचा कागद समोर ठेवून एकेक वळण टिपलं, पंधरा दिवस लागले. सूचनांच्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलं, ‘माहिती प्रत्यक्ष पाहणी करून भरावी.’ आणि मग, फाइल देण्याच्या आदल्या दिवशी, त्यांना एक युक्ती सुचली.

पूर्वीचे नकाशे करणारे लोक कधीकधी आपल्या नकाशात मुद्दाम एखादी खोटी वाट घालत. कुणी नकाशा चोरला, तर ती वाटही चोरीला जाई आणि चोर सापडे. मॅडमनी तेच उलटं केलं. लाकडाची वखार आणि रंगाचा कारखाना यांच्यामध्ये त्यांनी एक गल्ली घातली, नव्वद मीटर लांब, मध्ये एक सुबक वळण. नाव दिलं कंदील गल्ली. जो आपली फाइल वापरून काम करील त्याच्या नकाशात ही गल्ली असेल. जो तयार माल कुठूनतरी उचलून आणील त्याच्यात नसेल. याबद्दल त्या कुणाशीच बोलल्या नाहीत, भाचीशीसुद्धा.

तेवीस नकाशे आले. मॅडम दुपारभर प्रयोगशाळेत एकट्या बसून एकेक उघडत होत्या. बावीस नकाशांत कंदील गल्ली होती. एकाने तर तिथे ‘वर्दळीचा रस्ता’ असंही लिहिलं होतं.

तेविसाव्यात नव्हती.

तो नकाशा मागच्या ताईंचा होता. ताई पस्तीस-छत्तिशीच्या, दोन मुलांची आई, मध्येच सुटलेलं शिक्षण पुन्हा धरलेलं. सगळा वर्ग त्यांना मागची ताई म्हणे, कारण त्या शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसत. मॅडम सगळ्यांना अरे-तुरे करत, ताईंना मात्र अहो-जाहो. पण ताईंना कधी प्रश्न पडत नसे, उत्तरही येत नसे. बऱ्याचदा त्यांचे डोळे मिटलेले असत. सत्राच्या मध्यावरच्या प्रात्यक्षिकात एक साधा लूप, म्हणजे तीच कृती पुन्हापुन्हा करून घेणारा कोड, लिहायचा होता, तर त्या चाळीस मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघत बसल्या आणि तसाच सोडून उठल्या.

आणि त्याच ताईंचा हा नकाशा! मॅडमनी एका बोळावर क्लिक केलं. ‘तोंडाशी रुंदी सव्वा मीटर. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरावं लागतं.’ दुसऱ्या गल्लीवर केलं. ‘पंधरा पायऱ्या, सातवी तुटलेली.’ तिसरीवर, ‘पिवळ्या दारापाशी कुत्रा. भुंकत नाही, थेट येतो.’ झूम केलं की गल्ल्यांची नावं आपोआप मोठी होत होती, आणि ते कसं करायचं हे मॅडमना स्वतःलाच अजून येत नव्हतं.

मनात पाल चुकचुकली. हे यांचं काम नाही. कुणीतरी करून दिलंय.

मॅडमनी कोड उघडला. वरून खाली वाचत गेल्या. सगळ्यात खाली एक ओळ होती, ‘झालं एकदाचं’.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. गेला महिनाभर भाची फोन आला की गॅलरीत जाऊन बोलत होती. परवा मावशी पाण्याचा ग्लास घेऊन खोलीत गेली, तर तिने लॅपटॉप झटकन मिटला. “काय गं?” विचारलं तर म्हणाली, “काही नाही, ऑफिसचं.” आणि मागच्या आठवड्यात सहज विचारावं तसं विचारलं होतं, “मावशी, तुझ्या वर्गाचा प्रकल्प कधी संपतोय?” तेव्हा वाटलं होतं, किती आपुलकी. आता त्या आपुलकीलाच वास येऊ लागला.

दोघींची ओळख कुठली? भाची एकदा लॅपटॉपचा चार्जर द्यायला कॉलेजात आली होती. तेव्हा गाठ पडली असेल. मॅडमच्या डोक्यात सगळं साखळीसारखं जुळत गेलं, आणि जितकं जुळलं तितका रागही चढला. घरातल्याच माणसाने, आपल्याच टेबलावर बसून, आपल्याच विद्यार्थिनीचं काम करून द्यावं? तिथल्या तिथे त्यांनी विभागप्रमुखांना पत्र लिहिलं. ‘सदर विद्यार्थिनीने प्रकल्प बाहेरून करून घेतल्याची माझी खात्री झाली आहे.’ ‘शंका’ हा शब्द आधी लिहिला होता, तो खोडून ‘खात्री’ केला.

संध्याकाळी भाची घरी आली, चपला काढते न काढते तोच मावशीने विचारलं, “मागच्या ताईंना किती दिवसांपासून ओळखतेस?”

“कोण ताई?”

“सोंग नको घेऊस. माझ्या वर्गातल्या. त्यांचा नकाशा तू केलास.”

भाची आधी हसली. मग मावशीचा चेहरा बघून थांबली. “मावशी, मी कुणाचाही नकाशा केलेला नाही.”

“मग खाली ‘झालं एकदाचं’ कुणी लिहिलं? तुझ्याशिवाय जगात कोण लिहितं ते?”

“मला काय माहीत?”

“आणि गॅलरीतले फोन? लॅपटॉप काय मिटतेस मी आले की? काहीतरी लपवतेयस तू, मी काही दुधखुळी नाही.”

भाचीचा चेहरा उतरला, आणि मावशीला वाटलं, सापडली. “हो, लपवत होते,” ती म्हणाली. “मी ऑफिसजवळ खोली बघितलीय, एका मैत्रिणीबरोबर. तुझा प्रकल्प संपला की सांगणार होते. आत्ता तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून थांबले होते. एवढंच होतं ते.”

पण संशय असा, की एकदा धरला की सोडवत नाही. तोंडातून निघून गेलं, “बरी आठवली आत्ताच खोली.”

भाची आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागप्रमुखांनी ताईंना बोलावलं. हा माणूस मुळात सावकाश. आधी चष्मा पुसला, मग पत्र वाचलं, मग पुन्हा चष्मा पुसला. ताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, मांडीवर एक कापडी पिशवी.

“मॅडमचं म्हणणं आहे, हा नकाशा तुम्ही केलेला नाही.”

ताईंनी मॅडमकडे पाहिलं. “मीच केलाय सर.”

“मग मी दिलेली फाइल का नाही वापरली?” मॅडमनी विचारलं. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा जास्त चढला.

“तीच वापरलीय मॅडम.”

“खोटं बोलू नका. माझ्या फाइलमध्ये कंदील गल्ली आहे. तुमच्या नकाशात ती कुठे आहे?”

ताईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मॅडमनी विभागप्रमुखांकडे पाहिलं, बघा, अशा अर्थाने.

“मॅडम, ती मी काढून टाकली,” ताई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. “ती गल्ली नाहीये. वखारीच्या पुढे कारखान्याची भिंत लागते, सलग, पार कोपऱ्यापर्यंत. तिथून मांजरसुद्धा जात नाही. मला वाटलं, तुमच्याकडून चुकून रेघ पडली असेल. तुम्ही एवढी मेहनत घेतलेली. तोंडावर कसं सांगायचं, म्हणून गुपचूप काढली.”

“तुम्हाला कसं माहीत भिंत आहे ते?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“मी मीटर वाचते सर. विजेचे. सकाळी सहा ते अकरा. जुना भाग सगळा माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक दारात जाते.” त्या ओशाळं हसल्या. “म्हणून दुपारी वर्गात डोळा लागतो. माफ करा.”

“पण तुम्हाला तर साधा लूप येत नव्हता,” मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज पडला होता, तरी धागा सुटत नव्हता.

“पडद्यासमोर बसलं की माझं डोकं बंद होतं मॅडम. आजूबाजूला सगळे पटापट टाइप करत असतात, त्या आवाजानेच घाबरायला होतं. मी आधी हाताने लिहिते.” त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली.

वहीत पानामागून पान कोड होता. पेन्सिलीने लिहिलेला, रबराने खोडलेला, पुन्हा लिहिलेला. कडेला छोटे नकाशे, बाण, पायऱ्यांचे आकडे. एका पानावर घामाचा की पाण्याचा डाग. नावं मोठी कशी करायची त्याचे सहा फसलेले प्रयत्न होते आणि सातव्याला चौकट. कुणी दार उघडेपर्यंत जिन्यात बसून लिहायचं, असं ताई सांगत होत्या. आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या खाली, पेन्सिलीने, ‘झालं एकदाचं’.

“हे का लिहिलंत?” मॅडमनी विचारलं. उत्तर त्यांना ऐकवणार नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

“तुम्हीच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं ना? मला वाटलं, लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर चालत नसेल.”

विभागप्रमुखांना खोकला आला. तो खोकला नव्हता, हे मॅडमना कळलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “ही कंदील गल्ली नक्की कुठून आली?”

मॅडमनी सांगितलं. लपवण्यात आता काही राम नव्हता. खोटी गल्ली का घातली, कुणासाठी घातली, सगळं सांगितलं. ताई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू कळत गेलं, तसा घट्ट होत गेला.

“म्हणजे बावीस जण भिंतीतून आरपार गेले,” विभागप्रमुख म्हणाले, “आणि आपण पकडलं कुणाला, तर भिंत जिने पाहिली तिला.”

मॅडम उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी विद्यार्थ्याची माफी मागितली नव्हती. कशी मागतात ते त्यांना नीट येतही नव्हतं. “माझी चूक झाली,” एवढंच म्हणाल्या.

ताई लगेच “असू दे मॅडम” म्हणतील असं त्यांना वाटलं होतं. ताई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी वही पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “सर, ते पत्र माझ्यासमोर फाडाल का?”

विभागप्रमुखांनी पत्र मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी फाडलं.

प्रयोगशाळेत परत जाऊन त्यांनी उरलेले बावीस कोड उघडले. काल फक्त नकाशे पाहिले होते, कोड एकाच माणसाचा तपासला होता. बावीसही जणांच्या फाइलींत शेवटची ओळ तीच होती. तेवीस ठिकाणी ‘झालं एकदाचं’, पहिल्या दिवशी फळ्यावर होतं तसंच. फळ्यावर ते आपणच लिहिलं होतं, हे मॅडमना आता आठवलं.

घरी भाची खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती. मावशी दारात उभी राहून सगळं बोलली, एकही गोष्ट न गाळता. तेवीस फाइलींचं ऐकून भाचीच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही.

“तू मला विचारायला हवं होतंस,” ती म्हणाली.

“विचारलं की.”

“नाही मावशी. तू विचारलं नाहीस, सांगितलंस.”

मावशी खाली बसली आणि खोक्याला चिकटपट्टी लावू लागली. तिरकी लागली. भाचीने ती काढून सरळ लावली. तेवढ्यावर त्या दिवशी थांबलं. पुढच्या रविवारी भाची गेली. रोज फोन करते, पण पहिल्यासारखं सगळं सांगत नाही. ते परत यायला वेळ लागेल, हे मावशी समजून आहे.

सोमवारी मॅडमनी वर्गात खोट्या गल्लीचं उघड सांगितलं आणि बावीस जणांना प्रकल्प पुन्हा करायला लावला, या वेळी पायाने. कुरकुर झाली. मग त्यांनी स्वतःचं घर समुद्रात बुडवल्याचीही गोष्ट सांगितली. वर्ग हसला, आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. मागच्या बाकावर ताई मात्र हसल्या नाहीत.

तास संपल्यावर मॅडम त्यांच्यापाशी गेल्या. “मुलांना पाहणी कशी करायची ते तुम्ही शिकवाल? एक तास.”

ताईंनी विचार केला. “शिकवीन. पण आधी तुम्ही एक दिवस माझ्याबरोबर चला मॅडम. सकाळी सहाला.”

मॅडम गेल्या. साध्या चपला घालून, हातात वही घेऊन. पहिल्या तासातच गुडघे बोलायला लागले. ताई झपाझप जिने चढत, मीटरचा आकडा छोट्या यंत्रात टिपत आणि पुढे होत. एका दारात एका आजोबांनी मॅडमना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ह्या कोण? ह्यांचं कार्ड दाखवा. हल्ली कुणीही शिरतं घरात.” मॅडमनी नुसतीच हातातली वही पुढे केली.

“माझ्याबरोबर आहेत,” ताई म्हणाल्या. आजोबांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी दार उघडलं. जिन्याच्या टोकावरून मात्र मॅडम खाली उतरेपर्यंत ते बघत राहिले.

पुढच्या गल्लीत पायऱ्या होत्या. मॅडम मोजत चढल्या, वर जाऊन धापा टाकत वहीत आकडा लिहिला.

“चौदा,” त्या म्हणाल्या.

“पंधरा मॅडम.”

“चौदाच आहेत. मी मोजल्या.”

“खालची एक रस्त्यात बुजलीय. अर्धीच दिसते. ती धरायची.”

मॅडमनी खाली पाहिलं. वरून काहीच दिसत नव्हतं. पूर्वीच्या मॅडम असत्या तर वाद घातला असता. त्यांनी वही ताईंकडे दिली, कठड्याला धरलं आणि एकेक पायरी उतरत पुन्हा मोजायला लागल्या. ताई वर उभ्या होत्या, घाई असूनही थांबल्या होत्या.